घरच्या घरी जिप्सम बोर्ड लावण्यासाठी कोणती मशीन घ्यावी?

प्रश्न (अमळनेरकर): आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरील दहा बाय बाराच्या खोलीत जिप्सम बोर्डाचे फॉल्स सीलिंग आणि एका बाजूला पार्टिशन करावयाचे आहे. जी.आय. (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) चॅनलचा सांगाडा मिस्त्री उभा करून देणार आहेत. बोर्ड मात्र मी आणि धाकटा भाऊ मिळून लावणार आहोत. घरात हॅमरची सोय असलेली वायरची ड्रिल मशीन आहे. दुकानदार इम्पॅक्ट ड्रायव्हर (झटके देत जोराने स्क्रू पिळणारी मशीन) सुचवतो, तर मिस्त्री स्क्रू-गनचा (फक्त स्क्रू मारण्याच्या मशीनचा) आग्रह धरतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भुसावळचा सुतार: भाऊ, या कामात मशीनच्या ताकदीपेक्षा स्क्रू किती खोल जातो याला महत्त्व आहे. स्क्रूचे डोके बोर्डाच्या कागदाखाली किंचित दबले पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. कारण बोर्डाला धरून ठेवतो तो कागदच, आतल्या जिप्समचा नुसता भुगा होतो आणि छताला लावलेला बोर्ड काही दिवसांनी तेथूनच सुटू लागतो. स्क्रू-गनच्या तोंडाशी खोली ठरवण्याची सोय असते आणि ठरलेल्या जागी स्क्रू पोहोचला की बिट (स्क्रू फिरवणारे टोक) आपोआप फिरायचे थांबते. म्हणून मिस्त्रींचे म्हणणे खरे आहे, परंतु एका खोलीसाठी ती विकत घेणे म्हणजे उगाच पैसे अडकवणे होय. क्लच (ठरावीक जोर आला की फिरणे थांबवणारी सोय) असलेली बॅटरीची ड्रिल घ्या, नंतर घरात शंभर कामांना उपयोगी पडेल. तिचा क्लच लहान आकड्यावर ठेवून आधी बोर्डाच्या तुकड्यावर स्क्रू मारून पाहा आणि गरजेप्रमाणे एकेक आकडा वाढवत जा. इम्पॅक्ट ड्रायव्हरला सहसा असा क्लच नसतो, त्यामुळे नवख्या हाताने कागद फाटणारच.

धुळ्याची ताई: मी तर म्हणेन की नवीन मशीन घेण्याआधी घरातली वापरून पाहा. हॅमरची कळ बंद करावी आणि ट्रिगरने वेग कमी-जास्त होत असेल, तर कॉलर (टोकाभोवती कडे) असलेले जिप्समचे बिट लावावे. कॉलर बोर्डाला टेकली की बिट स्क्रूमधून सुटते. वायर मात्र पायात येते, तेवढे सांभाळावे. 12.5 मिमी बोर्डासाठी 25 मिमीचे, बारीक आट्यांचे काळे स्क्रू घ्यावेत. मोठ्या आट्यांचे लाकडासाठी असतात. छताला साधारण नऊ इंचांवर आणि पार्टिशनला बारा इंचांवर एक स्क्रू पुरतो. कापलेल्या कडेपासून दीड सेंटीमीटर आत राहावे.

आणखी एक, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात: सहा बाय चारचा बोर्ड सुमारे 18 ते 20 किलोचा असतो. दोघांनी तो डोक्यावर पेलून तिसऱ्या हाताने स्क्रू कसा मारणार? बल्लीला आडवी फळी ठोकून छताच्या उंचीचा टेकू आधीच तयार ठेवावा.

चोपड्याचा शेतकरी: वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. बॅटरीची मशीन घेतलीत तर आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात बॅटरी गच्चीवर किंवा गाडीत ठेवू नका. तापलेली बॅटरी बरेच चार्जर चार्जच करीत नाहीत, म्हणून ती पहाटेच चार्जिंगला लावावी. स्लॅबला अँकर फास्टनरची (सांगाडा स्लॅबला पकडून ठेवणाऱ्या बोल्टची) भोके पाडण्याचे काम मिस्त्रींच्या रोटरी हॅमरवर (काँक्रीट फोडणाऱ्या मोठ्या ड्रिलवर) सोडा, त्यासाठी काही विकत घेऊ नका.