मदत हवी आहे: ताईला कसं समजावू?

माझी भाची लातूरला नीटची (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करतेय. चाचणीत गुण चांगले आले की ताई-दाजी स्टेटसला तिचा फोटो लावतात, लाडाने बोलतात. कमी आले की फोनच बंद. "नातेवाइकांत काय तोंड दाखवायचं?" हे तर ठरलेलंच. आता पोरगी माझा फोन उचलला तरी आधी ७२० पैकी किती ते सांगते, मग "मामा, कसा आहेस?" ऐकून पोटात तुटतं. माया गुणांवर मिळायला लागली की मूल स्वतःची किंमतही गुणांवरच करतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर (मोफत आहे, मराठीतही बोलतात) तिला दिलाय. पण मोठ्या बहिणीला न दुखावता हे सांगायचं कसं? कुणी घरात असं बोललंय का? लातूरमधले चांगले समुपदेशकही सुचवा.