मदत हवी आहे: बोर्डावर जॉब 'पंचिंग'मध्ये, प्रत्यक्षात पॅलेटवर धूळ खात

रबाळेवाली

नमस्कार मंडळी. इथे कारखान्यातले आणि आयटीतले दोन्हीकडचे लोक आहेत, म्हणून विचारतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

रबाळे एमआयडीसीत आमचं कार्टन छपाईचं युनिट आहे. मुख्यतः औषधांची खोकी, दिवाळीच्या तोंडावर मिठाईवाल्यांची. सगळे धरून २६ जण, दोन शिफ्ट. मी प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर, म्हणजे "माझा माल कुठंय?" या फोनला उत्तर देणारी बाई. आजवर हे सगळं माझी निळी डायरी, जॉब कार्ड (प्रत्येक जॉबसोबत, म्हणजे ऑर्डरसोबत, फिरणारा कागद) आणि चार व्हॉट्सॲप ग्रुप यांच्यावर चालायचं. मग धाकट्या सरांनी ट्रेलो आणलं, म्हणजे कामांची कार्डं एका यादीतून दुसरीत सरकवायचा ऑनलाइन बोर्ड. ऑफिस आणि फ्लोअर मिळून सहा जणांना लॉगिन दिलं आणि बोर्ड मी बनवला. खात्यांप्रमाणे याद्या केल्या: डिझाइन, प्लेट, कटिंग, प्रिंटिंग, लॅमिनेशन, पंचिंग (डाय नावाच्या साच्यानं शीटं खोक्याच्या आकारात कापणं), पेस्टिंग, डिस्पॅच. सरांना फार आवडला.

अडचण ही की कार्ड कोणी सरकवतच नाही. संध्याकाळी साडेसहाला मीच फ्लोअरवर चक्कर मारते, एकेकाला विचारते आणि जागेवर येऊन सगळी कार्डं सरकवते. आधी एक डायरी होती, आता दोन झाल्या. सातची वाशी-ठाणे लोकल रोज चुकते ते वेगळंच.

गेल्या मंगळवारी तर कहर झाला. एका ग्राहकाचा फोन आला. बोर्डावर त्याचा जॉब तीन दिवस 'पंचिंग'मध्ये. मी बेधडक सांगितलं, "पंचिंग चालू आहे, उद्या माल निघतो." खाली जाऊन बघते तर छापलेली शीटं पॅलेटवर, वर प्लास्टिक, प्लास्टिकवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. मशीनवर दुसराच जॉब. ऑपरेटर म्हणतो, "मॅडम, त्याची डाय रिपेअरला गेलीय. मी ग्रुपवर टाकलं होतं ना." टाकलं होतं, खरंच. शनिवारी रात्री ११:४० ला, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकच्या दोन फोटोंच्या मधोमध.

तर प्रश्न असा: सॉफ्टवेअर बदलायचं का, की माझी मांडणीच चुकलीय? सरांना गँट चार्ट (प्रत्येक काम तारखांवर आडव्या पट्टीनं दाखवणारा तक्ता) हवाय, त्यांच्या एका मित्रानं जिरा हे आयटीवाल्यांचं काम-नोंदीचं सॉफ्टवेअर सुचवलंय. आणि मशीनवरच्या माणसांनी स्वतःहून कार्ड सरकवावं यासाठी तुम्ही काय करता? आमचे दोन ऑपरेटर पन्नाशीच्या पुढचे आहेत, कामाला वाघ, पण ॲपला हात लावत नाहीत. त्यांच्यावर ओरडून काही होणार नाही आणि मला ओरडायचंही नाही.

तिरकस

जिरा आमच्या ऑफिसातही आणलं होतं. दुसऱ्यांची जिरवायला आणलं, आमचीच जिरली. दोष त्याचा नाही. आम्ही हौसेनं २३ स्टेटस बनवले, आणि 'रिव्ह्यूसाठी तयार' नि 'रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत' यांत फरक काय, हे बनवणाऱ्यालाही सांगता येईना.

जॉबकार्ड

ताई, सॉफ्टवेअर तूर्त आहे तेच राहू द्या. तुमचा बोर्ड म्हणजे खात्यांच्या दारांवरच्या पाट्या झाल्यात. जॉब 'पंचिंग'मध्ये आहे, म्हणजे मशीनवर चढलाय की दाराबाहेर रांगेत उभा आहे? तुमच्या बोर्डाला हा फरक कळत नाही, म्हणून तो तुमच्या तोंडून खोटं बोलवतो. मी तुर्भ्याला पॅकेजिंगमध्येच १९ वर्षं काढलीत. आपल्या धंद्यात जॉबचा वेळ मशीनवर जात नाही, दोन मशीनच्या मधे जातो.

आधी एक करा. आठवडाभर बोर्डाकडे बघू नका. आज आलेला एक साधा जॉब पकडा, फार घाईचा नको आणि फार मोठाही नको. त्याच्या जॉब कार्डाला एक कोरा कागद स्टेपल करा. ज्याच्या हातात तो जॉब येईल त्यानं हातात आला ती वेळ आणि काम सुरू केलं ती वेळ लिहायची. दोन वेगळ्या वेळा, हे महत्त्वाचं. संपल्यावर तिसरी. जॉब बाहेर पडला की तो कागद घेऊन बसा. तुमच्या कामाचा खरा नकाशा तोच.

कार्ड सरकवण्याबद्दल: आपण चुकून काम संपवणाऱ्याला सांगतो की कार्ड पुढे ढकल. त्याचं काम झालेलं असतं, त्याला डबा खायचा असतो. उलटं करा. ज्याला पुढचं काम हवंय त्यानं कार्ड ओढून घ्यायचं. या पद्धतीला कानबान म्हणतात, जपानीत त्याचा अर्थ पाटीच. टोयोटात ताईची ओनो यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली, तिचं सूत्र हेच: मागच्यानं ढकलायचं नाही, पुढच्यानं मागून घ्यायचं. वयस्कर ऑपरेटरांसाठी प्रत्येक मशीनजवळ जॉब कार्डांचे दोन खिसे लावा, 'तयार' आणि 'चालू'. त्यांनी कागद हलवायचा. फोनवर कार्ड हलवणारा शिफ्टला एकच माणूस. २६ जणांना ॲप शिकवत बसू नका.

पाचपाखाडी

बाकी सगळं ठीक, पण एक विचारते: तुमचे सर स्वतः बोर्ड बघतात का? आमच्या जाहिरातीच्या ऑफिसात वर्षभर हीच रड होती. साहेब ग्रुपवर विचारायचे, "क्या हुआ उस काम का?" मग लोक उत्तर ग्रुपवरच देणार ना! साहेबांनी ग्रुपवर विचारणं बंद केलं, सकाळी दहाला बोर्ड उघडून फक्त त्यावरचेच प्रश्न विचारायला लागले, तेव्हा दोन आठवड्यांत कार्डं हलायला लागली. आधी सरांना पकडा.

किल्ले_बेलापूर

आयटीवाल्याचे दोन आणे. ट्रेलो आणि जिरा आता एकाच कंपनीची आहेत, ॲटलॅसियननं ट्रेलो २०१७ साली घेतलं. दोन्हींच्या फुकट योजनेत दहाच माणसं बसतात, तेव्हा सहाच लॉगिन दिलीत हे बरं केलंत. कंपनीत कुणाला सर्व्हर सांभाळता येत असेल तर कानबोर्ड नावाचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, माणसांची मर्यादा नाही. पण जॉबकार्ड म्हणतात ते बरोबर, आत्ता घर बदलायची वेळ नाही.

गँट चार्टबद्दल सरांना एवढंच सांगा: नवीन मशीन बसवायचंय, पाया, वीज, ट्रायल, सगळं एकापाठोपाठ आणि एकदाच, तिथे गँट उत्तम. तुमच्याकडे रोज तीच वाट चालणारे, समजा, चाळीस जॉब आहेत. चाळीस आडव्या पट्ट्या रोज सकाळी कोण सरकवणार? परत तुम्हीच.

आता सगळ्यात कामाचं गणित. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम आहे. आत अडकलेले एकूण जॉब भागिले रोज बाहेर पडणारे जॉब, म्हणजे एका जॉबला सरासरी लागणारे दिवस. मोजून बघा. दिवस कमी करायचे तर एक तर रोज जास्त जॉब बाहेर काढा, नाहीतर आत कमी घ्या. दुसरं फुकट आहे. म्हणून 'तयार' यादीवर मर्यादा घाला, समजा चार. पाचवा जॉब आत घेण्याआधी एक बाहेर गेला पाहिजे.

ट्रेलोत 'कार्ड एजिंग' नावाचं पॉवर-अप (जोडसुविधा) आहे, तेही चालू करा. बरेच दिवस हात न लागलेलं कार्ड हळूहळू फिकट होत जातं. ग्राहकाशी बोलताना कोणत्या कार्डावर विश्वास ठेवायचा नाही, ते डोळ्यांनाच दिसतं.

रबाळेवाली (१२ दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला कारण जॉबच उशिरा बाहेर पडला. कागद समोर आहे, शाईचे डाग पडलेला, एका कोपऱ्यावर चहाचं वर्तुळ.

२०,००० खोक्यांचा साधा जॉब होता. आत आल्यापासून डिस्पॅचपर्यंत ११ दिवस. सगळ्या मशीनवरचा वेळ मिळवला तर १३ तास. मी तीनदा बेरीज केली. ग्राहकाकडे प्रूफच्या (छपाईआधीच्या नमुन्याच्या) सहीसाठी चार दिवस. डायसाठी दोन दिवस, त्यातही रिपेअरला काही तासच, उरलेला वेळ डाय रॅकवर दुसऱ्याच नंबरच्या खणात पडून होती आणि कुणाला सापडत नव्हती. छापल्यावर शाई सुकायला एक रात्र, ती लागणारच. बाकी इकडेतिकडे रांगेत.

लिटलसाहेबांचं गणितही केलं. आत ४३ जॉब, रोज सरासरी चार बाहेर पडतात. म्हणजे पावणेअकरा दिवस. सरांना आकडा दाखवला तर गप्पच झाले, मग म्हणाले, "म्हणजे आपण रोज जे 'अर्जंट' घुसवतो..." वाक्य पूर्ण केलं नाही.

बोर्ड असा बदललाय. सगळ्या याद्या दुप्पट केल्या नाहीत, सोळा याद्यांत मीच हरवले असते. फक्त जिथे खरंच अडतं तिथेच तोडल्या. 'प्रूफ ग्राहकाकडे' ही वेगळी यादी, त्यात कार्ड गेलं की दोन दिवसांची तारीख ट्रेलोतला बटलर (आपोआप कामं करणारी सोय) लावतो आणि तारीख उलटली की मी फोन करते. 'पंचिंगला तयार' आणि 'पंचिंग चालू' वेगळे. 'तयार'मध्ये यायला तीन गोष्टी हव्यात: शीट सुकलेलं, शेड कार्डावर (रंगाच्या नमुन्यावर) सही, आणि डाय खणात प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेली. याद्यांची नावं मराठीत लिहिली, त्यानं फार फरक पडला. खिसेही लावले. पन्नाशीचे आमचे काका आता 'तयार'चा खिसा रिकामा दिसला की स्वतः वर येऊन विचारतात, "काय ओ, आज काम नाय का द्यायचं?"

सरांनी ग्रुपवर विचारणं बंद केलेलं नाही, पण निम्म्यावर आलंय. त्यांनी विचारलं की मी बोर्डावरच्या कार्डाची लिंक टाकते, दुसरं काही लिहीत नाही.

एक प्रश्न राहिलाय. लॅमिनेशन आम्ही बाहेरून करून घेतो. तिथलं कार्ड ओढणार कोण? त्यांच्याकडे लॉगिन नाही आणि मला द्यायचंही नाही.

जॉबकार्ड

तुमच्या डिस्पॅचवाल्यानं. टेम्पोत माल चढताना कार्ड 'बाहेर लॅमिनेशन'मध्ये ओढायचं, तारीख पाठवल्याची नको, परत यायची लावायची. चलन नंबर कार्डाच्या नावातच घाला, आतमध्ये लपवू नका. परतीच्या तारखेच्या आदल्या दुपारी एक फोन. आणि परत आल्यावर शीटं मोजल्याशिवाय पुढच्या यादीत घेऊ नका, माझे अनुभव आहेत.

रबाळेवाली

मोजणीचं डोक्यातच नव्हतं. चेकलिस्टमध्ये टाकते. गेटवर टेम्पो आलाच आहे, आजच्या चलनापासूनच सुरू करते.