मोटरवरचा रोप असेंडर: ‘आरोहक’ म्हणावं का?

प्रश्न : माझा एक मित्र वडापिंपळाच्या वाळक्या फांद्या उतरवण्याचं काम करतो. त्याने बॅटरीवर चालणारा रोप असेंडर, म्हणजे दोरावरून माणसाला वर नेणारं यंत्र, घेतलाय. यंत्र कमरेच्या हार्नेसला अडकवायचं, खटका दाबला की माणूस बसल्या बसल्या वर. त्याच्या माणसांसाठी सूचनांचा कागद मराठीत करतोय. ‘यांत्रिक वृक्षारोहक’ चालेल?

उत्तर : नको. गिर्यारोहकामुळे ‘आरोहक’ म्हटलं की माणूसच डोळ्यांपुढे येतो. ‘आरोहकाची तपासणी करा’ असं वाचून कामगार काय तपासणार, यंत्र की वर जाणारा गडी?

‘वृक्ष’ही काढा. हे यंत्र झाडावर चढतच नाही, दोरावर चढतं. माडावर चढायचं यंत्र खोडाला धरतं आणि पायांनी पाऊल-पाऊल वर सरकवावं लागतं. माडाला फांदीच नाही, दोर टाकणार कशावरून? तुमच्या मित्राला मात्र आधी वजनाची पिशवी बांधलेली बारीक दोरी भक्कम फांदीवरून फेकावी लागते, तिच्यामागून मुख्य दोर ओढून घ्यावा लागतो, मगच यंत्र. त्याला ‘विंच’ही म्हणू नका. विंच जागच्या जागी राहून दोर गुंडाळते. इथे मोटर चाक फिरवते, दोर त्या चाकातून खाली सरकत जातो आणि यंत्र माणसाला घेऊन वर जातं.

आणखी एक जण : दोरावर चढायच्या हातातल्या साधनाला सह्याद्रीतले आम्ही गिर्यारोहक ‘जुमार’ म्हणतो. मग ‘मोटरचा जुमार’ का नको? स्वित्झर्लंडमधले आडोल्फ यूसी गरुडांचा अभ्यास करत, त्यांना दोरावरून वर जायला साधन हवं होतं. ते वाल्टर मार्टी यांनी बनवलं. १९५८ साली गिर्यारोहकांसाठी आलेल्या या साधनाचं नाव दोघांच्या आडनावांतून झालं.

उत्तर : शब्द गोड आहे आणि आपल्याकडे पुरता रुजलाय, ‘जुमारिंग करून वर ये’ सगळे म्हणतात. पण जुमार हाताने वर सरकवायचा, भार पडला की त्याचे दात दोरात रुततात. फांद्या तोडणाऱ्याला हा शब्द माहीतच नाही, त्याला दोनदा समजवावं लागेल. मी पहिल्यांदा ‘दोरावर चढायचं मोटरचं यंत्र’ लिहीन आणि पुढे सरळ ‘असेंडर’. बाजारात तोच शब्द चालतो.

आणि कृपा करून ‘रोप’ टाळा. डोंगरात ‘रोप लावला’ ठीक आहे, पण झाडांच्या कामात ‘रोप लावलं’ म्हणजे झाड लावलं. ‘रोप नीट तपासा’ हे वाक्य माळ्याच्या हाती पडलं तर तो कुंड्यांकडे जाईल. दोरच लिहा. दोरीही नको, दोरीने वाळत घालतात.

प्रश्नकर्ता : पटलं. पहिली ओळ अशी केली: ‘असेंडर चालू करण्याआधी मुख्य दोर आणि राखीव दोर, दोन्ही हाताने चाचपून बघा. दोर जिथून टाकलाय ती फांदी वाळकी नाही ना, तेही बघा.’