लेख जतन केल्यावर मध्येच तुटतो, चूक मात्र कुठेच दाखवली जात नाही

अर्धविराम:
माझा ब्लॉग भाड्याच्या सर्व्हरवर आहे आणि त्याचे सॉफ्टवेअर पीएचपी ही भाषा व मायएसक्यूएल हा डेटाबेस या जोडीवर चालते. आवृत्ती जुनी आहे, पण आजवर तिने कधी कुरकुर केली नव्हती. गेल्या दोन महिन्यांत मात्र काही लेख जतन करताना मध्येच तुटू लागले आहेत. संपादकात मजकूर पूर्ण दिसतो, बटण दाबल्यावर ‘लेख जतन झाला’ असा हिरवा संदेशही येतो, आणि पान पुन्हा उघडावे तर एखादे वाक्य अर्ध्यावर थांबलेले असते व त्यापुढचे सारे नाहीसे झालेले असते. कालच्या लेखात ‘ही बैठक’ एवढ्या शब्दांवर मजकूर संपला आणि पुढचे सहा परिच्छेद गेले.

सगळी प्लगइन बंद करून पाहिली, मूळ थीम लावली, कॅशे रिकामा केला, ब्राउझर बदलला. पीएचपीच्या लॉगमध्ये एक ओळही नाही. इमोजीमुळे असे होते असे कोणी तरी सुचवले होते, म्हणून मुद्दाम लाल बदामाचे चिन्ह टाकून एक लेख जतन केला. तो व्यवस्थित जतन झाला. त्यामुळे तोही संशय फिटला. आता नेमके काय तपासावे?

कळफलक:
डेटाबेसच्या टेबलात मजकुराचा कॉलम ‘टेक्स्ट’ प्रकारचा असेल तर त्याची मर्यादा ६५,५३५ बाइटची असते. ही मर्यादा अक्षरांची नसून बाइटची आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. युटीएफ-८ या चिन्हे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हेच असतात. म्हणजे ही मर्यादा २१,८४५ चिन्हांवरच संपते. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला जी अडचण सहसा जाणवणार नाही, ती आपल्याला तिप्पट लवकर गाठते. कॉलम ‘मीडियमटेक्स्ट’ या मोठ्या प्रकारचा करून पाहावा.

अर्धविराम:
मोजून पाहिले. कालचा लेख जेमतेम २१२ चिन्हांवर तुटला आहे, त्याआधीचा सुमारे ३,४०० वर. याउलट याहून कितीतरी मोठे लेख शाबूत आहेत. लांबीचा संबंध दिसत नाही.

पायवाट:
लांबीचा संबंध नाहीच. शिवाय बदामाच्या चाचणीने आपली दिशाभूल केली आहे. तो लाल बदाम युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हयादीतल्या जुन्या चिन्हांपैकी असून युटीएफ-८ मध्ये तीनच बाइटांत बसतो. हसरा चेहरा टाकून पाहा. तो चार बाइटांचा असतो, आणि लेख तिथेच तुटेल असे मी खात्रीने सांगतो.

कारण असे की मायएसक्यूएलमध्ये ज्याला ‘युटीएफ८’ म्हणतात ते पूर्ण युटीएफ-८ नाही. त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. खऱ्या अर्थाने पूर्ण असलेला चिन्हसंच ‘युटीएफ८एमबी४’ या नावाने २०१० साली ५.५.३ या आवृत्तीत आला, पण जुन्या सॉफ्टवेअरने तयार केलेली टेबले अजूनही जुन्याच संचावर असतात. मराठी मजकूर सारा तीन बाइटांत बसतो, त्यामुळे वर्षानुवर्षे लिहूनही या दोषाची चाहूल लागत नाही. चार बाइटांचे पहिले चिन्ह आले की डेटाबेस तिथवरचा मजकूर ठेवतो आणि उरलेला टाकून देतो. सर्व्हर काटेकोर पद्धतीवर चालत असेल तर अशा वेळी त्रुटी येते आणि माणूस निदान सावध होतो. ती पद्धत बंद असेल तर १३६६ क्रमांकाची नुसती सूचना नोंदली जाते, ती सॉफ्टवेअर विचारत नाही, आणि हिरवा संदेश मात्र दिमाखात झळकतो. माझ्या मते मूळ खोड हीच आहे. अर्धा लेख ठेवण्यापेक्षा सरळ नकार देणे केव्हाही बरे.

‘मी इमोजी वापरलेच नाही’ असे आपण म्हणाल, म्हणून आधीच सांगतो की चार बाइटांची चिन्हे दिसायला अगदी साधी असू शकतात. तुटलेल्या लेखाची मूळ प्रत घ्या आणि ‘ही बैठक’ या शब्दांच्या लगेच पुढे काय आहे ते पाहा. चोर तिथेच असतो, कारण जे शेवटचे दिसते ते अक्षर निर्दोष असते.

अर्धविराम:
हसरा चेहरा टाकला आणि लेख तुटला. पण माझ्या मूळ मजकुरात खरोखरच इमोजी नव्हते. ‘ही बैठक’ च्या पुढे इंग्रजी अंकांत नुसते दहा, आणि त्यापुढे ‘तारखेला’. तो दहाचा आकडा ठळक होता. फोनवर आलेल्या संदेशातून तारीख जशीच्या तशी उचलली होती. संपादकात ठळकपणा काढायचे बटण दाबले तरी तो ठळकच राहिला, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आकडा खोडून कळफलकावरून नव्याने टाइप केला आणि सहाही परिच्छेद जतन झाले.

पायवाट:
ते अंक मुळात ठळक केलेले नव्हतेच. गणिती लेखनासाठी युनिकोडमध्ये ठळक रोमन अक्षरांचा आणि अंकांचा एक वेगळा गट आहे. तो २००१ सालापासून, म्हणजे ३.१ आवृत्तीपासून आहे आणि तो सगळाच चार बाइटांचा आहे. संदेश सजवून देणारी साधने नेमकी हीच चिन्हे वापरतात.

आकडा बदलल्याने एक लेख वाचला, टेबल तसेच राहिले. दुरुस्ती करायची असेल तर पूर्ण बॅकअप घेऊन ‘अल्टर टेबल’ या आज्ञेने टेबल युटीएफ८एमबी४ वर न्यावे.

दौत:
त्याआधी एक गोष्ट अवश्य पाहावी. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस पाहण्याच्या साधनात) टेबल उघडल्यावर मराठी मजकूर मराठीतच दिसतो ना? ब्लॉगवर नीट आणि तिथे मात्र चिन्हांचा कचरा दिसत असेल, तर मजकूर ‘लॅटिन१’ या रोमन लिपीच्या चिन्हसंचाचे लेबल लावलेल्या कॉलममध्ये पडलेला असतो. अशा टेबलावर थेट रूपांतर चालवले तर प्रत्येक अक्षर दोनदा सांकेतिक होते आणि सगळा ब्लॉग त्या कचऱ्यात जातो. त्या वेळी कॉलम आधी ‘ब्लॉब’ प्रकाराचा, म्हणजे नुसते बाइट साठवणारा, करून मगच नव्या संचावर न्यावा लागतो. मी ही चूक एकदा केली आहे आणि रात्रभर जागून बॅकअप परत चढवला आहे.

अर्धविराम:
माझ्याकडे तिथेही मराठी नीट दिसते. बॅकअप घेऊन आज्ञा चालवली, तर १०७१ क्रमांकाची त्रुटी आली: ‘की’ (म्हणजे इंडेक्स, शोधासाठीची सूची) फार लांब आहे, कमाल मर्यादा ७६७ बाइट. सर्व्हरवर मायएसक्यूएल ५.६ आहे.

पायवाट:
लेखाच्या वेबपत्त्याच्या कॉलमवर युनिक इंडेक्स (तोच पत्ता दोनदा येऊ न देणारा) असणार आणि त्याची लांबी २५५ असणार. तीन बाइटांनी २५५ चिन्हांचे ७६५ बाइट होतात, म्हणजे मर्यादेत दोन बाइट शिल्लक राहतात. चार बाइटांनी तेच १,०२० होतात. यावर लांबी १९१ करण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो, कारण १९१ चौक ७६४. पण मराठी ब्लॉगवर तो उपाय घाईने करू नये. मराठी शीर्षकावरून पत्ता तयार करताना बहुतेक सॉफ्टवेअर टक्क्याच्या चिन्हांचे सांकेतिक रूप साठवते आणि त्यात एका देवनागरी चिन्हाला नऊ जागा लागतात. १९१ मध्ये अशी जेमतेम एकवीस चिन्हे मावतील आणि लांब शीर्षकांचे जुने पत्ते मोडतील.

मात्र ते सांकेतिक रूप निव्वळ रोमन अक्षरे, अंक आणि टक्क्याचे चिन्ह यांचेच असते, तेव्हा त्या कॉलमला चार बाइट हवेतच कशाला? अख्खे टेबल एका फटक्यात न बदलता मजकूर, शीर्षक, सारांश आणि प्रतिक्रिया एवढेच कॉलम ‘मॉडिफाय’ ने एकेक करून बदलावेत आणि पत्त्याचा कॉलम आहे तसा सोडावा. ‘मॉडिफाय’ वापरताना कॉलमचा प्रकार, ‘नॉट नल’ आणि डीफॉल्ट किंमत पुन्हा लिहावी लागते. विसरल्यास ती गळून पडतात.

अर्धविराम:
तसे केले. आता लेख तुटत नाही, पण ठळक अंकांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

कळफलक:
मग जोडणी अजून जुन्याच संचावर आहे. सॉफ्टवेअर डेटाबेसशी जोडले जाताना स्वतः कोणत्या संचात बोलणार ते सांगते. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘सेट कॅरसेट’ च्या ओळीत युटीएफ८एमबी४ लिहा. बॅकअप घेणाऱ्या साधनालाही तोच संच सांगा, नाही तर ब्लॉग दुरुस्त होईल आणि बॅकअपमध्ये प्रश्नचिन्हे साठत राहतील.

दौत:
आणखी एक, थोडे आडवळणाचे. मोडी लिपीतली अक्षरे युनिकोडमध्ये २०१४ साली ७.० आवृत्तीत आली आणि तीही चार बाइटांची आहेत. कोणी मोडीत टॅग लिहिणार असेल तर टॅगच्या कॉलमला ‘जनरल सीआय’ हे कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचा नियम) ठेवू नये. त्यात चार बाइटांची सगळी अक्षरे तुलनेच्या वेळी सारखीच धरली जातात, त्यामुळे तितक्याच अक्षरांचा दुसरा कोणताही मोडी शब्द ‘हा टॅग आधीच आहे’ म्हणून परत येतो. ‘बिन’ कोलेशनने हा घोळ होत नाही.

अर्धविराम:
जोडणीची ओळ बदलली. हसरा चेहरा, ठळक अंक आणि मोडीतले एक अक्षर असे तिन्ही एका चाचणी लेखात टाकून जतन केले आणि पान पुन्हा उघडल्यावर तिन्ही जागच्या जागी सापडली. सर्व्हरची काटेकोर पद्धतही चालू करून घेतली आहे. पूर्वी तुटलेल्या लेखांपैकी दोन ईमेलने वाचकांना गेलेले होते, पण तिथेही अर्धेच गेले आहेत, कारण तो मजकूर डेटाबेसमधूनच उचलला जातो. एकाची मूळ प्रत फोनमध्ये सापडली. दुसरा पुन्हा लिहायला घेतला आहे.