मदत हवी आहे: व्हिएतनामचा सिंगल एन्ट्री ई-व्हिसा काढून बसलेय आणि मध्ये कंबोडिया आहे

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय, विमान १७ दिवसांवर आलंय.

आम्ही चौघं आहोत: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. कोथरूडहून कॅबने मुंबई, तिथून हो ची मिन्ह. चार दिवसांनी विमानाने कंबोडियातलं सिएम रीप, कारण सासूबाईंना अंगकोर वाट बघायचंच आहे (बाकीची सहल त्यांच्या लेखी जाताजाता). तिथून तीन दिवसांनी परत व्हिएतनाममध्ये हनोई, हालाँग बे आणि हनोईहूनच घरी. तिकिटं काढून झालीत, रद्द केली तर पैसे परत नाहीत.

व्हिसा मीच भरले, सरकारी साइटवरून, माणशी २५ डॉलर. पीडीएफ आल्या, घरात कौतुकही करून घेतलं. काल रात्री प्रिंट काढायला बसले तर चारहींवर 'सिंगल एन्ट्री'. नवरा म्हणतो, "९० दिवसांचा आहे ना? मग त्यात कितीही वेळा जा-ये कर." मला पटत नाहीये.

दुसरं असं की सासूबाईंच्या पासपोर्टात गिव्हन नेममध्ये त्यांचं आणि पुढे सासऱ्यांचं अशी दोन्ही नावं आहेत. मी फक्त त्यांचं नाव आणि आडनाव भरलं. चालून जाईल का?

आणि मुलाचा पासपोर्ट साडेसात महिन्यांनी संपतोय. तो आत्ताच नवा करायला टाकू का?

पर्वतीचा_पायथा
मिस्टरांना सांगा, ९० दिवस ही मुदत आहे, फेऱ्या नव्हेत. सिंगल एन्ट्री म्हणजे दार एकदाच उघडणार. तुम्ही सिएम रीपला उतरलात की तो व्हिसा संपला, मग ८६ दिवस शिल्लक दिसेनात का. आणि हे हनोईत गेल्यावर कळणार नाही, सिएम रीपच्या चेक-इन काउंटरवरच कळेल. पुढचा व्हिसा नसेल तर विमान कंपनी बोर्डिंग पास देत नाही.

मल्टिपल एन्ट्री ५० डॉलरला मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसावर ही सोय आहे, मुदतही तेव्हाच ३० ची ९० दिवस झाली. जुन्या लेखांत ३० दिवस वाचाल, तिकडे लक्ष देऊ नका. आधी भरलेली फी मात्र परत मिळत नाही.

नारायणपेठी
अर्जात सिंगल की मल्टिपल हे स्पष्ट विचारतात. उत्तर आपणच देतो. असो.

चकली_भाजणी
असो काय असो, त्यांना माहितीये चूक झालीय ती.

ताई, नावाचं चालून जाईल असं धरू नका. आमच्या काकूंना याच कारणावरून विमानतळावर पाऊण तास बाजूला उभं केलं होतं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात ना, कोनी खुणांच्या (<), त्या बघा. वरच्या ओळीत 'P<IND' च्या पुढे आडनाव, मग दोन खुणा, मग सगळी नावं एकेका खुणेने तोडलेली. यंत्र तेच वाचतं. तिथे सासऱ्यांचं नाव असेल तर अर्जातही हवं. आपल्याकडे नवऱ्याचं नाव मध्ये घालायची रीत, आणि त्यांच्या फॉर्ममध्ये मधल्या नावाचा वेगळा रकाना नाही. दोन्ही नावं गिव्हन नेमच्याच रकान्यात टाका.

पर्वतीचा_पायथा
मुलाचा पासपोर्ट आत्ता मुळीच नवा करू नका! नंबर बदलेल आणि जुन्या नंबरवरचा व्हिसा कामाचा राहणार नाही. सहा महिने शिल्लक लागतात, तुम्हाला पुरतायत. परत आल्यावर निवांत मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्राची अपॉइंटमेंट घ्या. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, म्हणून असा मध्येच अंगावर येतो.

कंबोडियाचं सोपं आहे. विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, ३० डॉलर. अंगकोरचा एका दिवसाचा पास ३७, तीन दिवसांचा ६२. बारा वर्षांखालच्यांना फुकट, पण दारावर वय बघतात, मुलाचा पासपोर्ट जवळ ठेवा.

डेक्कनचा_भटक्या
कंबोडिया शेवटी टाकला असता तर सिंगलमध्येच भागलं असतं. पण तिकिटं बदलण्यापेक्षा चौघांचे २०० डॉलर स्वस्त पडतील असं वाटतं.

अर्ज आजच टाका. तीन कामाचे दिवस म्हणतात, पण शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत आणि कधी कधी लांबतं. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन आहे ना, ते दोनदा बघा. मी एकदा तशाच दिसणाऱ्या भलत्याच साइटवर जवळपास तिप्पट पैसे भरून बसलोय. व्हिसा आला, पण आमची ही अजून सुनावते.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. नारायणपेठींचेही.

चारही अर्ज नव्याने मल्टिपलचे टाकले. चौथ्या दिवशी तिघांचे आले, सासूबाईंचा परत आला: पासपोर्टचा फोटो अस्पष्ट. मोठा करून बघितला तर डायनिंग टेबलावरच्या ट्यूबलाइटची पांढरी तिरीप बरोबर त्या तळाच्या दोन ओळींवर पडली होती. आधीच्या वेळी तोच फोटो चालला होता, हे विशेष. आज सकाळी गॅलरीत पाटावर पासपोर्ट ठेवून, प्लास्टिकचं कव्हर काढून, दिवसाच्या उजेडात काढला. मुलाने कोपरा धरला होता, तर त्याचा अंगठा आला. तिसरा नीट आला, लगेच चढवला.

*दोन दिवसांनी:* आला! सासऱ्यांच्या नावासकट. नवरा आता सगळ्यांना सांगत सुटलाय की मुदत वेगळी आणि फेऱ्या वेगळ्या.

एकच राहिलं. कंबोडियासाठी डॉलर इथूनच नेऊ ना?

पर्वतीचा_पायथा
हो, आणि कोऱ्या नोटा मागून घ्या. तिकडे जराशी फाटलेली, शाई लागलेली, घड्या पडलेली नोट घेत नाहीत.

धागाकर्ती
अरे देवा. सासूबाईंकडे नणंदेने अमेरिकेहून आणलेले १८० डॉलर आहेत. गेली सहा वर्षं बटव्यात, चार घड्या घालून. काल त्यांनी प्रेमाने माझ्या हातात दिले, आणि आज सकाळपासून त्या नोटांवर सुती कापड टाकून इस्त्री चालू आहे. चालणार नाहीत हे त्यांना सांगायचं कोणी, एवढंच ठरायचंय.