बाबांची गाडी सुरूच होऊ नये यासाठी काय करावं?

बाबा ७६ वर्षांचे. ३२ वर्षं एसटी चालवली, एकही अपघात नाही. दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं निदान झालं. गेल्या मंगळवारी नाशिकमधून दूध आणायला वॅगन आर घेऊन निघाले ते थेट सिन्नरला पोचले. परत कसं यायचं ते आठवेना. एका टपरीवाल्याने त्यांच्याच मोबाइलवरून मला फोन केला.

किल्ली लपवली तर दिवसभर कपाटं उपसतात, कामाच्या मावशींवर आळ घेतात. बॅटरीची वायर काढून पाहिली, तर बोनेट उघडून दहा नंबरच्या पान्याने जोडूनही टाकली. हात काहीच विसरलेले नाहीत. गाडी विकायला आई तयार नाही. कायमचा बिघाड न करता काही उपाय आहे का?

उत्तर १
माझं गॅरेज आहे. बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समधला स्टार्टरचा (इंजिन फिरवणाऱ्या मोटरचा) रिले, म्हणजे छोटा विजेचा स्विच, काढून स्वतःजवळ ठेवा. कुठला ते झाकणाच्या आत छापलेलं असतं. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण स्टार्टर फिरत नाही. पेट्रोल पंपाचा रिले मात्र काढू नका. पाइपात उरलेल्या दाबावर इंजिन क्षणभर सुरू होऊ शकतं, आणि गाडी फाटकाबाहेर जाऊन मधेच बंद पडली तर? ब्रेक, स्टीअरिंग, टायर यांना तर हातच लावायचा नाही.

उत्तर २
रिले काढला तरी गाडी धक्क्याने सुरू होते, आणि एसटीवाल्या माणसाला धक्का स्टार्ट शिकवायला नको! पोरांना बोलावून ढकलायला लावतील आणि सेकंड गिअरमध्ये क्लच सोडतील. गाडीला इमोबिलायझर (किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) असेल तर बिनचिपची किल्ली कापून घ्या. दार उघडतं, किल्ली फिरते, पण चिप ओळखू न आल्याने इंजिन चालू राहत नाही, धक्का मारूनही नाही. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये लावा. माझ्या सासऱ्यांसाठी हेच केलं होतं.

उत्तर ३
लायसन्सचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६: आजारामुळे माणूस गाडी चालवायला अयोग्य आहे असं मानायला सबळ कारण असेल तर आरटीओ लायसन्स रद्द करू शकतं. न्यूरॉलॉजिस्टचं पत्र घ्या. "चालवू नका" हे डॉक्टरांनीच सांगू दे, तुम्ही वाईट होऊ नका.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. बिनचिपची किल्ली करून घेतली, खरी माझ्या ऑफिसात आहे. काल बाबांनी तीनदा प्रयत्न केला, मग म्हणाले, "डेपोत दाखवायला पाहिजे." उतरून काच पुसली आणि चहाला आत आले. मावशींशीही आज नीट बोलले.