फीडरभोवती आठ पॅनेलं: कुंपण की गुरांची गव्हाण?

कुंपणकार (धागाकर्ता)
फीडर म्हणजे रानातल्या हरणांना मका टाकणारं तीन पायांचं यंत्र, आणि पॅनेल म्हणजे सळयांची तयार ताठ जाळी. परवा एका धाग्यात एका महाशयांनी ठोकून दिलं, "34 इंच उंचीची, डुकरं अडवायची पॅनेलं आठ आणा, हरणांच्या फीडरभोवती गोल लावा. गुरं बाहेर, हरणं आत, विषय संपला." अहो, विषय तिथेच सुरू होतो.

पॅनेल 16 फूट लांब. जोडावर सहा-सहा इंच एकमेकांवर चढवलं की आठांचा घेर 124 फूट, म्हणजे व्यास 40 फुटांच्याही आत. फीडरची फिरकी मका 15 ते 20 फूट उडवते, फीडर उंच असेल तर त्याहून लांब. म्हणजे कडेचा मका थेट कुंपणाबाहेर. गाय तो वेचते, मग आतल्यासाठी मान घालते, मग छाती टेकते. वरची सळई वाकली की झालीच तुमची गव्हाण तयार.

बारा पॅनेलं लावा. घेर 186 फूट, व्यास 59. आणखी एक कारण आहे. व्हाइटटेलला (अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) सात फूटही जड नाहीत, पण ते उतरायची जागा बघून उडी मारतं. मध्ये फीडरचे तीन पाय आणि चहूबाजूंनी जाळी अशा खुराड्यात शिरायला ते कां-कूं करतं.

आठ_पुरे
ते महाशय मीच. नाव घ्यायला काय झालं होतं?
मका बाहेर पडतो हा फीडरचा दोष, कुंपणाचा नाही. फिरकी खाली घ्या, नाहीतर भोवती पत्र्याची कड बसवा. बारा पॅनेलं म्हणजे 24 टी-पोस्ट, म्हणजे कुंपणाचे लोखंडी खांब. टेक्सासच्या हिल कंट्रीत वीतभर मातीखाली चुनखडी लागते, तिथे 24 ठोकून दाखवा, मग गणितं शिकवा.

कुंपणकार
कडेमुळे मका एकाच जागी पडतो. मग दांडगा नर ती जागा अडवतो आणि बाकीची हरणं लांब उभी. आणि ठोकण्याचंच म्हणाल, तर सहा फुटी पोस्ट किमान दीड फूट आत हवा, पोस्टला खाली जोडलेलं चपटं पातं पूर्ण मातीत. खडक लागला तर भोक पाडावंच लागतं. पातं वर राहिलं की पहिल्याच अंग घासणाऱ्या गाईला पोस्ट आडवा. शिवाय पॅनेल पोस्टच्या बाहेरून बांधायचं, गुरांच्या बाजूने. आतून बांधलं तर धक्क्याचा सगळा जोर क्लिपांवर येतो आणि त्या एकेक करून सुटतात. फोटो बघून वाटतं, निम्म्या लोकांनी उलटंच बांधलंय.

मेंढरांचा_वकील
नेहमीप्रमाणे सगळी चर्चा गाईंची. 34 इंच म्हणजे शेळीसाठी पायऱ्यांचा जिना! आडव्या सळईवर पाय दिला की ती पलीकडे. शिंगवाली असेल तर मोठ्या चौकोनात मान घालते आणि तिथेच अडकते. शेळ्यांना 4 बाय 4 इंची चौकोनांचं 48 इंची पॅनेल लागतं.

मेंढ्यांचं तर त्याहून गंभीर. हरणांच्या प्रोटीन पेलेटमध्ये (गोळीपेंडीत) तांबं मेंढीला झेपेल त्याहून बरंच जास्त असू शकतं. ते यकृतात साठत जातं, बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस लघवी लालसर-तपकिरी, डोळे पिवळे, खेळ खलास. नुसता मका भरपेट खाल्ला तरी पोटात आम्ल होऊन जनावर मरतं, मग ते गाय असो वा मेंढी.

आठ_पुरे
मग 48 इंचीच्या आत पाडसं उडी मारून जाणार का? तुमची मेंढी वाचवायला हरणांची पिल्लं उपाशी?

मेंढरांचा_वकील
कोवळं पाडस आईच्या दुधावर असतं, त्याला मक्याची घाई नाही. पुढचा.

झटका_मारा
इतक्या लोखंडाची गरजच काय? झटका मशीन, सोलर, बॅटरी आणि 34 इंचांवर एकच तार. गाय लांब राहते, हरीण खालून जातं. हरणाचे केस पोकळ असतात, अंगाला तार घासली तरी सहसा जाणवत नाही. विषय संपला.

आठ_पुरे
हे वाक्य माझं आहे. आणि खालून फक्त हरीणच जातं का? वासरू जातं, आणि रानडुकरांची अख्खी टोळी जाते! त्यांना अडवायचं तर सहा-आठ इंचांवर आणखी एक तार, आणि तिला गवत टेकलं की झटका गायब. माझं 34 इंची पॅनेल मुळात डुकरांसाठीच आहे, हे सगळेच सोयीस्कर विसरलेत.

कुंपणकार
हा मुद्दा मान्य. डुकरांपुरता.

अर्थिंगवाला
तार राहू द्या, अर्थिंगचं कोणीच बोलत नाही. निम्मी झटका मशीनं तिथेच मेलेली असतात. गॅल्व्हनाइज्ड सळया तीन, सहा फुटी, दहा-दहा फुटांवर. जोडायला तांब्याची वायर नको, सांधा गंजतो. तपासायचं असं: मशीनपासून शंभर मीटरवर लोखंडी पोस्ट टेकवून तार शॉर्ट करा, व्होल्टेज 2000 च्या खाली आणा, मग अर्थ सळईवर मीटर लावा. 300 च्या वर दाखवलं तर अर्थिंग कमी आहे, सळया वाढवा.

झटका_मारा
चुनखडीत सहा फूट सळई? शुभेच्छा.

अर्थिंगवाला
सळईच जात नाही तर उन्हाळ्यात कोरड्या मातीतून करंट परत कसा येणार? मग एकच तार सुचवलीत कशाला? शेजारी अर्थची दुसरी तार ओढा.

झटका_मारा
मग ती दुसरी तार हरणालाही लागेल! तोंड घालताना दोन्हींना टेकलं की ते हरीण पुन्हा फिरकत नाही. जरा विचार करून लिहीत जा.

अर्थिंगवाला
विचार केलाय. तुम्हीच वाचत नाही.

मेंढरांचा_वकील
भांडू नका, अर्थची तार तुमच्यासमोर उभीच आहे. आठ_पुरे यांचं पॅनेल लोखंडी, टी-पोस्टही लोखंडी. सगळी पॅनेलं वायरने एकमेकांना जोडा आणि मशीनच्या अर्थला द्या. बाहेरच्या बाजूने, पॅनेलपासून पाच इंच लांब इन्सुलेटरवर 40 इंच उंचीवर झटक्याची तार. टेकणाऱ्या गाईची छाती पॅनेलला, गळा तारेला. सर्किट पूर्ण, मातीची गरजच नाही. शेळीचे पाय सळईवर आणि थोबाड तारेवर. हरीण उडी मारतं तेव्हा एका वेळी दोन्हींना लागत नाही.

अर्थिंगवाला
बरोबर आहे. पॅनेलांच्या जोडांवर रंग किंवा गंज असेल तर खरवडून क्लॅम्प लावा, नुसती गुंडाळलेली वायर टिकत नाही. आणि जमेल तेवढ्या सळया तरीही ठोका.

कुंपणकार
पाच इंची इन्सुलेटरला गाय शेपटीच्या बाजूने घासली तर तो मोडतो. दर पोस्टला एक लावा, आणि दाणा भरायच्या फाटकापाशी तार तोडून स्प्रिंगचं हँडल.

आठ_पुरे
म्हणजे शेवटी माझंच पॅनेल.

कुंपणकार
तुमचंच. बारा.